सुकाणू गेल्यावरची 44 मिनिटं : युनायटेड 232 चं प्रकरण

संकटात टीम कशी सांभाळावी हे शिकवणाऱ्या वर्गांमध्ये युनायटेड 232 या अमेरिकी विमानाच्या अपघाताची गोष्ट हमखास निघते. बहुतेक वेळा ती गोड करून सांगितली जाते. एक शांत डोक्याचा कॅप्टन होता, त्याने सगळ्यांचं ऐकलं आणि अशक्य ते शक्य झालं. ऐकणाऱ्यांना बरं वाटतं, तेवढ्यात चहाची वेळ होते. पण कॉकपिटमधल्या बोलण्याची नोंद आणि अपघाताचा तपास अहवाल वाचायला घेतला की गोष्ट इतकी सरळ राहत नाही. विमान वाचलं नव्हतं. 296 पैकी 112 माणसं गेली. कॅप्टनने सगळं काही चर्चेने ठरवलं, असंही नाही. आणि त्या दिवशी कामाला आलेलं ते 'ऐकणं' नुसतं त्याच्या स्वभावातून आलेलं नव्हतं. कंपनीने ते वैमानिकांकडून घोटून घेतलं होतं, तेही आधी दुसरं एक विमान गमावल्यावर.

म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात बघू.

तीन वाजून सोळा मिनिटं

19 जुलै 1989. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-10 विमान दुपारी डेन्व्हरहून शिकागोकडे निघालं होतं. या विमानाला इंजिनं तीन, एकेक दोन्ही पंखांखाली आणि तिसरं शेपटीत. विमानात 285 प्रवासी आणि 11 कर्मचारी होते. मुलांच्या तिकिटांवर त्या दिवशी मोठी सवलत होती, त्यामुळे लहान मुलं नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त, पन्नासच्या वर. आयोवा राज्यावरून 37,000 फुटांवर उडत असताना 3 वाजून 16 मिनिटांनी शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची जाड तबकडी फुटली.

एक इंजिन गेलं म्हणून डीसी-10 पडत नाही, उरलेल्या दोनांवर ते आरामात जातं. घात दुसरीकडेच झाला. एवढ्या मोठ्या विमानाचं सुकाणू, पंखांवरच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्या माणसाच्या मनगटाने हलत नाहीत. दाबाखालचं तेल, म्हणजे हायड्रॉलिक्स, त्या हलवतं. एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी, दुसरी पडली तर तिसरी, अशा तीन स्वतंत्र यंत्रणा विमानात होत्या. फक्त शेपटीत, त्याच इंजिनाच्या आसपास, तिघींच्या नळ्या एकमेकींच्या जवळून जात होत्या. फुटलेल्या तबकडीचे आणि इंजिनाचे तुकडे शेपटीत घुसले आणि तिन्ही यंत्रणांमधलं तेल वाहून गेलं. तिन्ही एकदम जाण्याची शक्यता अब्जात एक इतकी कमी धरलेली असल्यामुळे अशा प्रसंगासाठी पुस्तिकेत पानच नव्हतं.

त्या वेळी विमान फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, बिल रेकॉर्ड्स चालवत होते. त्यांनी दांडा पूर्ण डावीकडे आणि मागे ओढलेला, आणि विमान मात्र उजवीकडे कलत चाललेलं. 'अल, विमान माझ्या ताब्यात राहिलेलं नाही,' असं त्यांनी कॅप्टनला सांगितलं. कॅप्टन अल हेन्स 57 वर्षांचे, तीस हजारांच्या आसपास तासांचं उड्डाण गाठीशी असलेले गृहस्थ. 'मी घेतो' म्हणून त्यांनी दांडा हातात घेतला आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याही हातात काहीच नाही. विमान जवळजवळ 38 अंश कललं होतं, आणखी थोडं कललं असतं तर पाठीवर पालथं झालं असतं. हेन्सनी डाव्या इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे ताकद कमी-जास्त करायची मूठ, झटक्यात बंद केला आणि उजव्याचा पूर्ण पुढे ढकलला. उजवा पंख सावकाश वर आला.

बैलगाडी हाकलेल्याला यातलं तत्त्व सांगावं लागणार नाही. कासरा तुटला तरी एका बाजूचा बैल जोरात आणि दुसरा हळू चालवता आला तर गाडी वळते. पुढची 44 मिनिटं हे विमान तसंच हाकलं गेलं, दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करत. त्यात विमान सतत झोके घेत होतं. नाक खाली जायचं, वेग वाढायचा, मग नाक आपोआप वर यायचं, वेग कमी व्हायचा आणि पुन्हा खाली. प्रत्येक झोक्यात थोडी उंची गमवावी लागे. थ्रॉटलचा परिणाम दिसायला वेळ लागतो, म्हणून झोका थोपवायचा तर नाक खाली असताना ताकद वाढवायची आणि वर येऊ लागलं की कमी करायची. वैमानिकाचा हात याच्या बरोबर उलट वळलेला असतो.

पोर्टलंडचं देणं

इथे जरा मागे जायला हवं. 28 डिसेंबर 1978 ला याच कंपनीचं डीसी-8 विमान, फ्लाइट 173, पोर्टलंडला उतरताना चाकांपाशी मोठा आवाज झाला. चाकं नीट खाली येऊन अडकली आहेत का, याची खात्री पटेना. कॅप्टनने विमान सुमारे तासभर घिरट्या घालत ठेवलं. चाकांचा प्रश्न सोडवणं, प्रवाशांना आपत्कालीन उतरणीसाठी तयार करणं, सगळं शिस्तीत चाललं होतं. माणूस निष्काळजी नव्हता, उलट एका गोष्टीची फार काळजी करत होता. दरम्यान इंधन संपत आलं. फ्लाइट इंजिनीअर ते सांगत होता, पण हळू आवाजात, आडून, 'इंधन कमी होत चाललंय' अशा सुरात. 'साहेब, आत्ता उतरला नाहीत तर इंजिनं बंद पडतील,' असं कुणी ठणकावून म्हटलं नाही. इंजिनं एकेक करून थांबली आणि विमान वस्तीत कोसळलं. 189 पैकी 10 जण गेले. हळू आवाजात सांगणारा तो इंजिनीअर त्या दहांमध्ये होता.

तपास मंडळाने दोन्हींकडे बोट दाखवलं. कॅप्टनने ऐकलं नाही, आणि बाकीच्या दोघांनी ऐकू जाईल असं सांगितलं नाही. यातला दुसरा भाग आपण सोयीने विसरतो. 1979 मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा भरवली आणि 1981 मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. पुढे जगभर ते क्रू रिसोर्स मॅनेजमेंट या नावाने ओळखलं गेलं. जुन्या वैमानिकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. विमान उडवायला शिकवण्याऐवजी आम्हाला गोड बोलायला शिकवताय, असा एकूण सूर होता. हेन्स त्याच पिढीतले. त्यांनी नंतर एका व्याख्यानात मोकळेपणाने सांगितलं की 1980 पर्यंत कॅप्टन म्हणेल ती पूर्व दिशा असा कारभार होता, त्यापायी काही विमानं गेली, आणि कॅप्टन आपल्याला वाटतो तितका हुशार नसतो.

ही व्यथा अमेरिकेपुरती समजण्याचं कारण नाही. 22 मे 2010 ला एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या पठारावरच्या धावपट्टीवर थांबू शकलं नाही. 158 जण गेले, आठ वाचले. फर्स्ट ऑफिसरने उतरणं सोडून पुन्हा वर चढायला तीनदा सांगितलं होतं. हे प्रशिक्षण तोवर जगात तीस वर्षांचं झालं होतं. साहेबाला सांगायचं धाडस आणि साहेबाने ते मनावर घेणं हे कागदावरच्या प्रमाणपत्राने येत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत बसलेल्या माणसाला ठाऊक आहे.

चौथा माणूस

आता पुन्हा 232 कडे. कॉकपिटमध्ये तिघं होते. हेन्स, रेकॉर्ड्स आणि फ्लाइट इंजिनीअर डडली ड्वोरॅक. चौथा माणूस प्रवाशांमध्ये बसलेला होता. डेनी फिच हे युनायटेडचे डीसी-10 चे प्रशिक्षक. ते ड्यूटीवर नव्हते, घरी निघाले होते. काहीतरी बिघडलंय हे ओळखून त्यांनी केबिन क्रूमार्फत निरोप पाठवला, मदत हवी असेल तर मी इथे आहे. हेन्सनी त्यांना आत पाठवायला सांगितलं.

हा क्षण सोपा नव्हता. तिघं जण जीव मुठीत धरून दांडे ओढताहेत आणि चौथा, तोही परीक्षक म्हणून तुमचं काम तपासणारा माणूस, दारातून आत येतो. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी दोन गोष्टींतली एक होते. एक तर आलेल्याला बाजूला उभं करून 'बघा आम्ही काय करतोय' असं चालू राहतं, नाही तर सूत्रं त्याच्याकडे जातात आणि मूळची माणसं हात गुंडाळून बसतात. हेन्सनी तिसरंच केलं. त्यांनी आधी फिचना केबिनमध्ये जाऊन खिडकीतून पंखावरच्या फळ्या हलताहेत का ते बघून यायला सांगितलं. फिच परत आले. फळ्या अजिबात हलत नव्हत्या. मग हेन्सनी त्यांच्या हाती थ्रॉटल दिले.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. हेन्स आणि रेकॉर्ड्स दोघंही दोन्ही हातांनी दांडा धरून होते. दांड्याचा काही उपयोग होत नाही हे जवळजवळ कळलेलं होतं, पण सोडून देण्याची जोखीम कोण घेणार? एकीकडे दांडा आणि दुसरीकडे थ्रॉटल धरून सूक्ष्म फरक करणं जमत नव्हतं. फिच मधल्या जागेत उभे राहिले, गुडघ्यावर बसले, एका हातात डावा थ्रॉटल आणि दुसऱ्यात उजवा. पुढचे दोघं काय हवंय ते सांगत, फिच ते इंजिनांतून काढून देत. काही वेळातच त्यांना झोक्याची नस सापडली. ही विद्या त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. हेन्स पुढे म्हणायचे की कॉकपिटमधल्या चौघांचा मिळून 103 वर्षांचा उड्डाणाचा अनुभव होता, आणि त्यातला एक मिनिटही या प्रसंगाच्या सरावाचा नव्हता.

नोंदीत एक मजेशीर जागा आहे. बराच वेळ एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून काम केल्यावर हेन्सना आठवतं की आपली ओळखच झालेली नाही. ते आपलं नाव सांगतात, फिच आपलं सांगतात. हे सगळं निस्तरलं की आपण एक बिअर पिऊ, असं फिच म्हणतात. मी पीत नाही, पण आज नक्की पिईन, असं हेन्सचं उत्तर. वाचणारा हसतो. पण ज्याचं नावही माहीत नाही त्याच्या हातात हेन्सनी विमानाचं उरलंसुरलं सुकाणू दिलं होतं, हेही त्याच नोंदीत आहे.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती ड्वोरॅकची जागा. उतरायची वेळ जवळ आली. फिच अजून उभेच होते, पट्टा नाही, खुर्ची नाही. ड्वोरॅकनी विचारलं, तुम्हाला ही खुर्ची हवी का? चालेल का तुम्हाला, असं फिचनी म्हटलं. माझी काही हरकत नाही, तुम्ही काय करताय ते तुम्हाला कळतंय असं दिसतंय, असं म्हणत ड्वोरॅक उठले आणि मागच्या जादा आसनावर जाऊन बसले. त्यांना उठा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. फ्लाइट इंजिनीअरची खुर्ची ही त्याची हक्काची जागा, त्याचा हुद्दा. संकटाच्या ऐन मध्यावर तो हुद्दा दोन वाक्यांत सोडून देणारा माणूस टीममध्ये असणं ही हेन्सची कमाई म्हणायची की ड्वोरॅकची, हे मला ठरवता आलेलं नाही. ऑफिसात टेबल बदलण्यावरून महिना-महिना रुसवे चालतात.

जिथे चर्चा झाली नाही

या प्रकरणातून 'नेत्याने सगळ्यांना विचारावं' एवढंच घेऊन निघालेला माणूस अर्धंच घेऊन जातो. पहिल्या काही सेकंदांत हेन्सनी कुणालाही विचारलं नाही. दांडा घेतला, थ्रॉटल फिरवले. विमान पालथं होत असताना मतं मागवायची नसतात. मान थोडी मोकळी झाल्यावर विचारणं सुरू झालं. चाकं गुरुत्वाकर्षणाने खाली सोडायची का, कधी सोडायची, इंधन किती टाकायचं, या प्रश्नांवर प्रत्येकाने सुचवलं आणि हेन्सनी ठरवलं. कुठल्याही टप्प्यावर निर्णय कुणाचा आहे याबद्दल गोंधळ दिसत नाही. बोलण्याची नोंद वाचताना जाणवतं की वाक्यं तोकडी आहेत, पुष्कळशी प्रश्नार्थक आहेत, आणि कुणीही दुसऱ्याने काय केलं नाही हे उगाळत बसलेलं नाही.

कामं मात्र स्पष्ट वाटलेली होती. फिच थ्रॉटलवर, रेकॉर्ड्स दांड्यावर आणि उतरण्याच्या तयारीवर, ड्वोरॅक कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या दुरुस्ती केंद्राशी बोलण्यात, हेन्स कंट्रोलरशी, म्हणजे जमिनीवरून विमानांना मार्ग सांगणाऱ्याशी, आणि सगळ्यांशी. त्यातलं दुरुस्ती केंद्राचं काम निष्फळ ठरलं. जमिनीवरच्या तज्ज्ञांना तिन्ही हायड्रॉलिक गेलं यावर विश्वासच बसेना. ते पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले आणि शेवटपर्यंत एकही उपयोगी सूचना देऊ शकले नाहीत. यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडेही ते पान नव्हतं. पण मुख्य कार्यालयाला समजावून सांगण्यात कॅप्टनची स्वतःची मिनिटं गेली नाहीत, कारण ते काम एकाच माणसाकडे सोपवलेलं होतं. संकटात वरून येणारे 'नक्की काय झालंय?' असे फोन ज्यांनी घेतले असतील त्यांना या वाटणीची किंमत कळेल.

कॉकपिटच्या बाहेरची टीम

केबिनची प्रमुख जॅन ब्राउन. हेन्सनी तिला कॉकपिटमध्ये बोलावून परिस्थिती न लपवता सांगितली. ती बाहेर आली ती चेहरा सांभाळत. प्रवाशांना भाषण न देता आधी एकेका सहकाऱ्याकडे जाऊन हळूच कल्पना दिली. नंतर हेन्सनी स्वतः प्रवाशांना सांगितलं की ही उतरण फार कठीण असणार आहे. खोटा धीर दिला नाही. लोकांनी ओरडाआरडा केला नाही, सूचना ऐकल्या, मान खाली घालून बसण्याचा सराव केला. खरं सांगितलं तर माणसं घाबरतील, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. इथे खरं कळल्यावर माणसं कामाला लागली.

उतरायचं होतं ते आयोवातल्याच सू सिटीच्या विमानतळावर. तिथे कंट्रोलर केव्हिन बाकमन. विमान बहुतेक उजवीकडेच वळत होतं, म्हणून ते आयोवाच्या शेतांवर मोठमोठी वर्तुळं काढत खाली येत होतं. काहीही करा, पण आम्हाला शहरापासून दूर ठेवा, असं हेन्सनी त्याला सांगितलं. शेवटी बाकमनने कुठल्याही धावपट्टीवर उतरायची परवानगी दिली तेव्हा हेन्स हसून म्हणाले, म्हणजे धावपट्टीच हवी असा तुमचा आग्रह आहे का? ठरलं होतं 31 नंबरच्या लांब धावपट्टीचं, विमान आलं 22 च्या समोर. ही धावपट्टी वापरातून काढलेली होती आणि तिच्यावरच अग्निशमन दलाच्या गाड्या तैनात होत्या. गाड्या हलल्या.

आणि गावाची तयारी. 1987 मध्ये सू सिटीत मोठ्या विमानाच्या अपघाताची पूर्ण रंगीत तालीम झाली होती. असल्या मोठ्या विमानांची तिथे नियमित ये-जाही नव्हती, तरी ही तालीम घेतली गेली. त्यातून आपली यंत्रणा पुरणार नाही हे कळलं आणि आजूबाजूच्या छोट्या गावांची मदत गृहीत धरून नवी आखणी झाली. अपघाताच्या वेळी दोन्ही मोठ्या रुग्णालयांत पाळी बदलत होती, म्हणजे डॉक्टर-नर्स दुप्पट. विमानतळावर आयोवा एअर नॅशनल गार्डचे 285 प्रशिक्षित जवान त्याच दिवशी ड्यूटीवर होते. उजेड होता, हवा चांगली होती. हेन्स आपल्या व्याख्यानात पाच कारणं सांगत, त्यात पहिलं नशीब. मग संवाद, तयारी, अंमलबजावणी, सहकार्य. नेतृत्वाचे वर्ग घेणारे हा 'नशीब' शब्द का गाळतात कोण जाणे. पाळीबदल ही नशिबाची गोष्ट. पण आलेल्या नशिबाचा उपयोग करून घ्यायला तालीम झालेली असावी लागते.

शेवटचे काही सेकंद

दुपारचे चार वाजत आले. फ्लॅप, म्हणजे उतरताना वेग कमी करता यावा म्हणून पंखांतून बाहेर काढायच्या फळ्या, नाहीत, म्हणून वेग कमी करता येत नाही. विमान 200 नॉट्सहून जास्त वेगात, नेहमीच्या उतरणीच्या कितीतरी पुढे. खाली येण्याचा वेग मिनिटाला 1,600 फुटांच्या वर. अगदी धावपट्टीच्या तोंडाशी थ्रॉटल बंद करायला सांगणारा आवाज आला. उतरताना ताकद बंद करायची, हे प्रत्येक वैमानिकाच्या हाडात मुरलेलं असतं. फिचनी चक्क नाही म्हटलं. बंद करता येत नाहीत, केले तर विमान हातचं जाईल, यांच्यावरच ते वळतंय.

पोर्टलंडच्या विमानात जे वाक्य कुणी ठणकावून म्हटलं नाही, ते इथे म्हटलं गेलं, तेही पाहुण्या माणसाकडून, आणि त्यावर वाद झाला नाही. मला या प्रकरणात दाखवायची एक जागा निवडायची असेल तर ती ही. तीस मिनिटांपूर्वी आत आलेल्याला ऐन वेळी 'नाही' म्हणता आलं, कारण त्या तीस मिनिटांत त्याचं प्रत्येक म्हणणं ऐकलं गेलं होतं.

तरी नाक शेवटी खाली गेलंच, उजवा पंख कलला. पंखाचं टोक जमिनीला आधी लागलं. विमान मोडलं, पेटलं, उलटून मक्याच्या शेतात गेलं. कॉकपिट तुटून बाजूला पडलं, इतकं चेंगरलेलं की मदतीला आलेल्यांना आत कुणी जिवंत असेल असं वाटलंच नाही. सुमारे 35 मिनिटं त्याकडे कुणी फिरकलं नाही. चौघंही जिवंत होते. एकूण 184 जण वाचले. त्या दिवशी 111 गेले, महिनाभराने आणखी एक.

नंतर

तबकडीचा मुख्य भाग मिळायला तीन महिने लागले. आयोवाच्या शेतात तो कापणीच्या वेळी सापडला. धातू तयार होतानाच त्यात दोष राहिला होता, त्यातून भेग वाढत गेली आणि तपासणीत ती दिसायला हवी होती तेव्हा दिसली नाही. कंपनीच्या तपासणी पद्धतीत मानवी मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता, याकडे तपास मंडळाने बोट दाखवलं. सिम्युलेटरवर तीच परिस्थिती उभी करून अनुभवी वैमानिकांना बसवलं गेलं. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेगाने उतरणं हा जवळपास योगायोगाचा भाग ठरला आणि असं काही शिकवता येणार नाही असा निष्कर्ष निघाला. वैमानिकांची कामगिरी अपेक्षेच्या पलीकडची होती, असंही अहवालात म्हटलं आहे. नासाच्या अभियंत्यांना मात्र ही गोष्ट स्वस्थ बसू देईना. नुसत्या इंजिनांच्या ताकदीवर संगणकाने विमान उतरवण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि 1995 मध्ये एमडी-11 जातीचं विमान तसं उतरवून दाखवलं. प्रवासी विमानांमध्ये ती आजही बसवलेली नाही.

हेन्स काही महिन्यांनी पुन्हा उडायला लागले, 1991 मध्ये साठीला निवृत्त झाले, आणि 2019 मध्ये वारले. फिच 2012 मध्ये गेले.

राहिली जॅन ब्राउन. विमानात चार तान्ही मुलं तिकिटाशिवाय, आईबापांच्या मांडीवर होती. नियमपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे ब्राउनने त्या आईबापांना सांगितलं, मुलाला पायाशी जमिनीवर उशा-ब्लँकेटमध्ये ठेवा आणि धरून ठेवा. त्या धक्क्यात कुठलाही हात मुलाला धरून ठेवू शकत नाही. एक मूल गेलं. बाहेर आल्यावर मुलाला शोधायला जळत्या विमानाकडे परत निघालेल्या त्याच्या आईला ब्राउनने अडवलं, आणि तिला ऐकावं लागलं की तूच त्याला जमिनीवर ठेवायला सांगितलं होतंस. पुढची कित्येक वर्षं ब्राउन एकच मागणी करत राहिली, दोन वर्षांखालच्या मुलालाही स्वतंत्र आसन आणि पट्टा सक्तीचा करा. तपास मंडळाने तिची बाजू उचलून धरली. हवाई वाहतूक प्रशासनाचं म्हणणं वेगळं पडलं: जादा तिकिटाचा खर्च आला तर कुटुंबं मोटारीने जातील, आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं मरतील. हिशोब म्हणून हा युक्तिवाद पोकळ नाही. ज्याच्या हातून ते मूल निसटलं त्याला तो पटेल असं मात्र वाटत नाही. अमेरिकेत अजूनही दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेऊन उडता येतं, आणि मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या विमानांतही.